साधन दिले, वाणी मिळाली काय?

(संवादसाधने वापरणाऱ्या व्यक्तींसाठी मोजता येतील अशी उद्दिष्टे कशी लिहावीत, या विषयावरील व्याख्यान)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात हिशेबाला विशेष महत्त्व येते. किती निधी जमला, किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, किती रुग्णांना औषधोपचार झाले, हे आकडे अहवालात छापले जातात आणि ते छापलेच पाहिजेत; पैसा समाजाचा आहे. परंतु काही दाने अशी असतात की त्यांचा हिशेब पावतीपाशी संपत नाही. बोलू न शकणाऱ्या मुलाला दिलेले संवादसाधन हे त्यांपैकी एक होय. योग्य नंबरचा चष्मा डोळ्यांवर चढला की लगेच स्पष्ट दिसू लागते. संवादसाधन हाती आले म्हणून त्याच दिवशी कोणी बोलू लागत नाही. ते कपाटात धूळ खात पडते की त्या मुलाची वाणी होते, हे पुढच्या काही महिन्यांत ठरते, आणि ते ठरण्यात एका साध्या कागदाचा वाटा फार मोठा असतो. या मुलाने साधनाच्या आधारे काय, कोठे, किती आणि कोणाच्या मदतीने करावे, हे त्या कागदावर लिहिलेले असते. आजचा विषय तो कागद आहे.

ज्यांचे बोलणे नाही, अपुरे आहे किंवा आजाराने गेले आहे, त्यांच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सर्व उपायांना मिळून ‘पूरक व पर्यायी संवाद’ असे नाव आहे. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चित्रांपासून डोळ्यांच्या हालचालीने चालणाऱ्या संगणकापर्यंत सर्व काही यात येते. मेंदूचा पक्षाघात असलेली, स्वमग्न असलेली मुले, अर्धांगवायूने वाचा गेलेले वृद्ध, स्नायू हळूहळू निकामी होत जाणाऱ्या आजाराचे रुग्ण असे अनेक जण त्याचा आधार घेतात. विख्यात भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ साली शस्त्रक्रियेनंतर कायमचा गेला. २०१८ मध्ये निधन होईपर्यंत ते यंत्राद्वारेच बोलत राहिले. मुंबईच्या मालिनी चिब यांनी मेंदूच्या पक्षाघातामुळे एका बोटाने टंकलेखन करून आपले आत्मचरित्र लिहिले; पुस्तकाचे इंग्रजी नावही ‘एक लहानसे बोट’ याच अर्थाचे आहे. भारतीय भाषांसाठी चेन्नईत ‘आवाज’ आणि मुंबईच्या आयआयटीमध्ये ‘जेलो’ अशी साधने तयार झाली. ‘जेलो’ मराठीतही आहे आणि विनामूल्य आहे.

येथे पालकांच्या मनातील एक भीती आधीच दूर केलेली बरी. यंत्राची सवय लागली तर मूल बोलण्याचा प्रयत्नच सोडून देईल, असे पुष्कळांना वाटते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, भक्कम पुरावा असलेल्या अभ्यासांतील २७ व्यक्तींची माहिती तपासली गेली. साधन दिल्यामुळे त्यांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते. बहुतेकांचे थोडेफार वाढलेच होते.

आता त्या कागदाकडे वळू. शिक्षणाची उद्दिष्टे मोजता येतील अशी लिहावीत, हा विचार अमेरिकेत रॉबर्ट मेगर यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात सुबोध रीतीने मांडला. विद्यार्थी कोणती कृती करील, कोणत्या परिस्थितीत करील आणि किती केली म्हणजे पुरेसे मानायचे, ही तीन अंगे त्यांनी सांगितली. १९७५ च्या कायद्याने तेथील प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा बंधनकारक झाला, आणि १९९७ च्या दुरुस्तीने त्यात ‘मोजता येतील अशी वार्षिक उद्दिष्टे’ असलीच पाहिजेत असे शब्द आले. २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, नाममात्र प्रगतीवर समाधान मानणारा आराखडा चालणार नाही, असा निर्णय दिला. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच पूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश आहे, आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारीही शाळांवर टाकलेली आहे. मात्र त्या प्रगतीची उद्दिष्टे कोणत्या शब्दांत लिहावीत, हे कायदा शिकवीत नाही. ते काम वाचा-उपचारतज्ज्ञ, शिक्षक आणि घरची माणसे यांनी मिळून करायचे असते.

समजा, नऊ वर्षांची एक मुलगी आहे. मेंदूच्या पक्षाघातामुळे तिला बोलता येत नाही, पण सर्व समजते. तिला एका दात्याने टॅबलेट दिला आहे. तिच्या कागदावर बहुधा पहिले वाक्य असे सापडते : ‘मुलीचे संवादकौशल्य सुधारेल.’ हेतू उत्तम; पण वर्षानंतर ते सुधारले की नाही, हे आईने एक सांगावे आणि शिक्षिकेने दुसरे, अशी परिस्थिती होते. मग कोणीतरी ते वाक्य मोजमापाच्या साच्यात बसवतो : ‘मुलगी दहा प्रयत्नांपैकी आठ वेळा सांगितलेले चित्र अचूक दाबेल.’ हे वाक्य तपासनिसाला आवडते. त्यात कृती आहे, आकडा आहे, ऐंशी टक्के आहेत. आणि तरीही पहिल्या वाक्यापेक्षा ते अधिक घातक आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

कारण असे की, या वाक्यात मुलगी बोलतच नाही. ती परीक्षा देते. ‘सफरचंद कोठे आहे, दाखव’ असे म्हटल्यावर सफरचंद दाखवणे हा संवाद नव्हे. दाखवणाऱ्यालाही ते ठाऊक आहे आणि विचारणाऱ्यालाही. घरातल्या बोलक्या मुलाला कोणी दिवसातून दहा वेळा ‘सफरचंद म्हण’ असे सांगत नाही, आणि सांगितलेच तर ते मूल उठून निघून जाईल. आपल्या मुलीला उठून जाता येत नाही. तिने कंटाळून चार वेळा चित्र दाबले नाही, तर तो निकाल ‘सहा प्रयत्नांत यश’ असा लिहिला जातो आणि तिला समजत नाही असा निष्कर्ष निघतो. अॅन डोनेलन यांनी १९८४ मध्ये एक कसोटी सुचवली होती : खात्रीची माहिती नसेल तेव्हा असे गृहीत धरावे की जे चुकीचे ठरले तरी त्या व्यक्तीचे सर्वांत कमी नुकसान होईल. मुलीला समजते असे धरून बोललो आणि ते चुकले, तर थोडे शब्द वाया गेले. समजत नाही असे धरले आणि ते चुकले, तर तिचे बालपण वाया गेले.

म्हणून कृती निवडताना असे विचारावे की ती करून मुलीला काय मिळणार आहे. तिच्यासाठी पुढील प्रकारचे वाक्य अधिक योग्य ठरेल : ‘घरी जेवताना व शाळेत मधल्या सुट्टीत, कोणी प्रश्न विचारलेला नसताना आणि कोणी हात धरलेला नसताना, मुलगी साधनाद्वारे स्वतःहून दिवसातून किमान पाच वेळा संवाद सुरू करील, त्यांपैकी किमान दोन वेळा तिचा हेतू काही मागण्याखेरीज अन्य असेल, असे सलग दोन आठवडे दिसून येईल.’ येथे मेगर यांची तिन्ही अंगे आहेत. पाच हा आकडा मात्र आकाशातून पडलेला नसावा. आधी तीन-चार दिवस त्याच वेळांत शांतपणे मोजावे. आज ती दिवसातून एकदाच स्वतःहून बोलत असेल तर तीन महिन्यांत पाच ही अपेक्षा रास्त आहे. आज चार वेळा बोलत असेल तर पाच हे उद्दिष्टच नव्हे. आरंभीची नोंद नसलेले उद्दिष्ट म्हणजे वजनकाट्यावर पारडे शून्यावर न आणता तोललेला माल.

‘मागण्याखेरीज’ या शब्दावर थोडे थांबणे आवश्यक आहे. पाणी, जेवण, शौचालय, टीव्ही यांची चित्रे लावली की पुष्कळांना काम झाले असे वाटते. पेनसिल्व्हेनियाच्या जॅनिस लाइट यांनी १९८८ साली संवादाचे चार हेतू सांगितले : गरजा व इच्छा सांगणे, माहिती देणे-घेणे, जवळीक साधणे आणि सामाजिक शिष्टाचार पाळणे. पाहुणे आल्यावर ‘जय जिनेंद्र’ म्हणणे हा चौथा प्रकार झाला. दादाची चेष्टा करणे हा तिसरा. ज्या मुलीला फक्त मागता येते, ती घरात कायम याचकाच्या भूमिकेत राहते, आणि मागितलेले मिळाले की तिच्याशी बोलणे संपते. ‘आज शाळेत काय झाले सांगू?’, ‘मला हे आवडले नाही’, ‘तूच चुकलास’ अशी वाक्ये तिच्या साधनात आहेत काय आणि ती वापरली जातात काय, हे मोजण्याजोगे आहे.

याच लेखिकेने १९८९ मध्ये साधन वापरणाऱ्याच्या क्षमतेची चार अंगे सांगितली. भाषा येणे, यंत्र हाताळता येणे, माणसांत वागता येणे आणि अडले असता वाट काढता येणे. कागदावरील बहुतेक उद्दिष्टे दुसऱ्या अंगापाशीच अडकतात, कारण बटण दाबणे मोजायला सोपे. चौथे अंग जवळजवळ कोणी लिहीत नाही. समोरच्याला कळले नाही तर मुलगी दुसऱ्या शब्दाने सांगू शकते का? ‘तुम्ही चुकीचे समजलात’ हे एका बटणात ठेवले आहे का? यंत्राची बॅटरी संपली तर कागदी तक्त्यावरून ती बोलू शकते का? ज्या गावांत वीज वेळी-अवेळी जाते, तेथे या शेवटच्या प्रश्नावर उद्दिष्ट असलेच पाहिजे.

भाषेच्या अंगाबाबत मराठीची स्वतःची अशी निकड आहे. मराठी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगते. साधनात ‘मी येतो’ असे भरून ठेवले आणि ते एका मुलीच्या हाती दिले, तर पहिल्याच वाक्यात तिचा आवाज दुसऱ्या कोणाचा होतो. आजीला ‘तू’ आणि आजोबांना ‘तुम्ही’ म्हणण्याची पद्धत अनेक घरांत आहे. इंग्रजीतून उतरवलेल्या शब्दसंचात हा भेद सापडेलच असे नाही. आपल्या समाजात तर घरी गुजराती, मारवाडी किंवा कन्नड आणि शाळेत मराठी, अशी स्थिती सर्रास असते. आजीशी मूल ज्या भाषेत ऐकते, त्या भाषेतील काही शब्द साधनात नसतील, तर आजीशी संवादाचे उद्दिष्ट मुलामुळे नव्हे, शब्दसंचामुळे अपूर्ण राहील. आणि शब्द कोणते? नामांची चित्रे काढायला सोपी म्हणून तीच भरली जातात. परंतु रोजच्या बोलण्याचा मोठा भाग ‘मला, नको, पुन्हा, थांब, इथे, का, आणखी, झाले’ अशा थोड्या, पुन्हा पुन्हा लागणाऱ्या शब्दांनी चालतो. ‘पुन्हा’ हा एक शब्द झोक्यावर, गोष्टीच्या वेळी आणि खेळात, तीन निरनिराळ्या ठिकाणी वापरला गेला काय, अशी नोंद पन्नास फळांची नावे ओळखण्यापेक्षा अधिक बोलकी असते.

आता ‘कोणी हात धरलेला नसताना’ या अटीकडे येऊ. ती किरकोळ वाटते, परंतु सर्व कागदात तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी अट नाही. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात एक पद्धत सुरू झाली, आणि १९९० च्या सुमारास ती अमेरिकेत झपाट्याने पसरली. तीत साहाय्यक व्यक्ती न बोलणाऱ्याचा हात किंवा मनगट धरून त्याच्याकडून अक्षरे दाबून घेत असे. वर्षानुवर्षे गप्प असलेली मुले एकाएकी लांब-लांब वाक्ये लिहू लागली. आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. पुढे चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवले आणि साहाय्यकाला, त्याच्या नकळत, दुसरे. टंकलेल्या उत्तरात पुन्हा पुन्हा साहाय्यकाने पाहिलेलेच चित्र उतरले. साहाय्यक फसवत नव्हते. आपणच लिहीत आहोत हे बहुतेकांना उमगलेही नव्हते. अमेरिकेतील वाचा-उपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असे पुन्हा स्पष्ट केले. साहाय्यकाने अक्षरफलक हाती धरून उत्तरे काढून घेण्याची अशीच आणखी एक पद्धतही तिने नाकारली. गप्प मुलाच्या तोंडी आपले शब्द घालणे हा त्याला गप्प ठेवण्याचाच एक प्रकार होय.

यासाठी मदतीची पातळी लिहिणे हा उद्दिष्टाचा अविभाज्य भाग मानला जातो. काहीच मदत नाही, केवळ थांबून वाट पाहिली, साधनाकडे नजर टाकली, बोटाने दाखवले, तोंडाने सुचवले, हात धरला, अशा चढत्या पायऱ्या कागदावर असाव्यात आणि प्रत्येक नोंदीपुढे पायरी लिहावी. मुलीने जूनमध्ये पाच शब्द हात धरून आणि सप्टेंबरमध्ये तीनच शब्द पूर्णपणे स्वतःहून सांगितले, तर आकडा घटला असला तरी ती पुढे गेली आहे.

कागदावर दुसऱ्या बाजूचेही उद्दिष्ट हवे, म्हणजे ऐकणाऱ्याचे. तोंडाने बोलणारी माणसे मिनिटाला शंभराहून अधिक शब्द सहज बोलतात; साधनावरून बोलणाऱ्याचा वेग बहुधा पंधरा शब्दांच्याही खाली असतो. म्हणजे प्रश्न विचारून दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देणारा काका हा मुलीच्या मार्गातील खरा अडथळा आहे. ‘प्रश्नानंतर घरातील माणसे मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबतील’ हे उद्दिष्ट लिहिता येते आणि मोजताही येते. तसेच, मूल भाषा ऐकून शिकते; चित्रांची भाषाही पाहूनच शिकते. आईने ‘चल, बाहेर जाऊ’ म्हणताना साधनावरील ‘बाहेर’ हे चित्र स्वतः दाबून दाखवले पाहिजे. मुलीकडून उत्तराची अपेक्षा न ठेवता आईने दिवसातून किती वेळा असे केले, ही नोंद आधी व्हावी, मुलीची नंतर.

आणि ‘नको’. नकार देण्याचा अधिकार हा संवादाच्या मूलभूत अधिकारांत गणला जातो. तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांच्या संवादगरजांविषयीच्या अमेरिकेतील संयुक्त समितीने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अधिकारपत्रात तो आहे. प्रत्यक्षात ‘नको’ दाबलेल्या मुलाला बहुधा ‘असे नाही म्हणायचे’ हे ऐकावे लागते आणि घास तोंडात जातोच. औषधाबाबत ते एक वेळ समजू शकते. परंतु दिवसभरात मुलीने किती वेळा ‘नको’ म्हटले आणि त्यांपैकी किती वेळा ते मानले गेले, अशा दोन रकाने असलेल्या नोंदीत दुसरा रकाना रिकामा असेल, तर मुलीने पुढे ते बटण दाबणे सोडून दिले यात नवल ते काय?

मुलांविषयी इतके बोलून झाल्यावर वृद्धांकडेही पाहिले पाहिजे. कल्पना करा, पासष्ट वर्षांचे एक कापड व्यापारी आहेत. अर्धांगवायूनंतर हात सुधारला, पण शब्द सापडेनासे झाले. ते दुकानात येऊन बसतात. गिऱ्हाईकाशी सारे मुलगाच बोलतो. त्यांना रुग्णालयात फळांची चित्रे ओळखायला लावणे हा त्यांचा उपमर्द आहे. त्यांना गल्ल्यावर बसून व्यवहार करायचा आहे. अशा ठिकाणी किरेसुक व शर्मन यांनी १९६८ मध्ये मानसिक आरोग्यसेवेसाठी तयार केलेली आणि पुढे पुनर्वसनात रुळलेली पाच पायऱ्यांची मोजपट्टी उपयोगी पडते. शून्य म्हणजे ठरलेल्या मुदतीत अपेक्षित असलेली प्रगती; उणे एक, उणे दोन म्हणजे तिच्याखाली; अधिक एक, अधिक दोन म्हणजे तिच्यावर. त्यांच्यासाठी उणे दोनवर असे लिहिता येईल : गिऱ्हाईक आले की हसतात, मुलगा बोलतो. उणे एक : मुलाने सुचवल्यावर संवादवहीतील दर दाखवतात. शून्य : दिवसातून तीन गिऱ्हाइकांना, मुलाने मध्ये न पडता, वहीतून कापडाचा प्रकार व दर सांगतात. अधिक एक : ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या घरची विचारपूसही करतात. अधिक दोन : घासाघीस करतात. हे वाचून कोणाला हसू येईल. पण ज्याने चाळीस वर्षे दुकान चालवले, त्याला आपण बरे झालो हे घासाघीस करतानाच पटेल. या पट्टीचा गुण असा की तिच्यावरील प्रत्येक पायरी त्या माणसाच्याच आयुष्यातून येते.

नोंदी ठेवण्याचे ओझे होऊ नये. आईने दिवसभर वही घेऊन मुलीच्या मागे फिरावे असे कोणी म्हणत नाही. आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या अर्ध्या तासात, स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर चार रेघा ओढल्या तरी पुरते. तीन महिन्यांनी त्या रेघा शिक्षिका व उपचारतज्ज्ञ यांच्यासह पाहाव्यात. उद्दिष्ट गाठले नसेल तर मुलीला दोष देण्यापूर्वी हे पाहावे : साधन तिच्या हाताच्या टप्प्यात ठेवले जाते काय? जेवताना ‘खरकटे लागेल’ म्हणून उचलून ठेवले जात नाही ना? शाळेच्या दप्तरातून ते वर्गात बाहेर निघते का?

साधने देऊ इच्छिणाऱ्या दात्यांना आणि संस्थांना येथे एक काम हाती घेता येईल. यंत्राच्या किमतीबरोबर वर्षभराच्या उपचारतज्ज्ञाच्या भेटींचा आणि दुरुस्तीचा खर्च धरावा, आणि साधन देताना उद्दिष्टांचा कागद तयार आहे काय, हे विचारावे. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारले तर अधिक चांगले.

राहता राहिला प्रश्न, ही उद्दिष्टे ठरवायची कोणी? स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात १९९० च्या दशकात एक साधी पद्धत विकसित झाली. एक लहानशी चटई घ्यायची. वरच्या कडेला तीन चित्रे : आवडते, सांगता येत नाही, आवडत नाही. मग ‘आजीशी बोलणे’, ‘मैत्रिणींशी खेळणे’, ‘दुकानात जाणे’, ‘गोष्ट सांगणे’, ‘फोनवर बोलणे’ अशी एकेक चित्रे त्या व्यक्तीपुढे धरायची आणि ती कोणत्या रकान्यात ठेवायची हे तिच्यावर सोपवायचे. हाताने ठेवता येत नसेल तर ती नजरेने दाखवते. शेवटी सर्व चित्रे मांडून झाली की ‘हे असेच ठेवायचे ना?’ असे पुन्हा विचारायचे, आणि त्या चटईचे तारखेसह छायाचित्र काढून उद्दिष्टांच्या कागदाला जोडायचे. आई-वडिलांनी ‘पाणी मागणे’ पहिल्या क्रमांकावर लिहिलेले असते, आणि मुलीने ‘मैत्रिणींशी खेळणे’ हे चित्र आवडीच्या रकान्यात सर्वांत आधी ठेवलेले असू शकते. अशा वेळी कागद खोडून पुन्हा लिहावा.